सहा बोटांचा शिपाई

गावाचं नाव लिहायचं नाही, या अटीवर हे लिहिते आहे. गणपतीपुळ्याहून गाडीने पाऊण तास, शेवटचा चढ पहिल्या गिअरमध्ये; समुद्र दिसत नाही, पण कपडे वाळत घातले की खारट होतात. एवढ्यावर ज्यांना ओळखता येईल त्यांनी ओळखावं. बाकीच्यांनी रत्नागिरी जिल्ह्यावर समाधान मानावं.

कोल्हापुरात आमची एक लहानशी संस्था आहे. जुन्या शिपायांची पत्रं, रजेचे कागद, नोकरीचे दाखले आम्ही जमवतो. आम्ही म्हणजे मी, एक निवृत्त ग्रंथपाल, आणि आम्हा दोघांपेक्षा जास्त आजारी असणारा एक स्कॅनर. विशेष लक्ष शिबंदीवर. शिबंदी म्हणजे पक्की पलटण नव्हे. गरज पडेल तशी गावोगावची माणसं उभी करून केलेली फौज. इंग्रजांनी कोकणात ती बरीच वर्षं वापरली. पलटणीच्या शिपायांचे कागद सरकारदरबारी सापडतात. शिबंदीवाल्यांचे सापडले तर घराच्या माळ्यावर, नाहीतर उंदराच्या पोटात.

दारोदार जाऊन ‘लढाईतले कागद आहेत का’ असं विचारणाऱ्या बाईला लोक आधी विमा एजंट समजतात आणि मग भाऊबंदांनी पाठवलेली हेर. त्यामुळे फेब्रुवारीअखेर जेव्हा मलाच फोन आला, तेव्हा मी खुर्ची ओढून नीट बसले.

“बाई, मोडी वाचता ना तुम्ही? मी बाबू गुरव. आमच्याकडं एक पुडकं हाय. शिमग्याच्या आधी वाचून हवंय.”

सोमवार

आंबा घाट उतरला की आमच्या देशावरच्या माणसाची पहिली फजिती होते ती ‘जवळच’ या शब्दाने. कोल्हापुरात जवळच म्हणजे चहा गार व्हायच्या आत. इथे जवळच म्हणजे एक टेकडी, एक ओढा आणि दोनशे पायऱ्या. गाडी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आंब्याच्या कलमाखाली ठेवली, ठेवताना जांभ्या दगडाच्या गडग्याला मागचा दिवा घासून फोडला, आणि बॅग घेऊन पाखाडी उतरू लागले. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. ती ज्याने बांधली त्याचे गुडघे फार चांगले असावेत.

बाबूने उतरता उतरता प्रकरण सांगितलं. पाखाडीला लागून मयेकरांची दोन घरं, वरचं आणि खालचं. मूळ पुरुष दोन सख्खे भाऊ, राघोजी आणि विठोजी. राघोजी शिबंदीत होता, दक्षिणेच्या जंगलात बंड झालं तेव्हा लढाईवर गेला आणि जिवंत परत आला. कोणाच्या बाजूने लढला हे गावात कोणी विचारत नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. गावाने त्याला मान दिला: शिमग्यात देवीची पालखी देवळातून निघाली की पहिली त्याच्या अंगणात थांबणार, आणि पहिली ओटी त्याच्या घरची सवाष्ण किंवा थोरली बाई भरणार. राघोजीचा वंश वरच्या घरात. त्यामुळे पालखी वरती.

“मग भांडण कसलं?”

“खालच्या घरातल्या काकू म्हंतात, लढाईवर विठोजी गेला. त्यांच्या सासूनं सांगितलान. विठोजी आला तेव्हा त्याचे पाय महिनाभर सडलेले होते म्हणे.”

या वादात गेली दोन वर्षं पालखी दोघांच्याही अंगणात शिरली नव्हती. पाखाडीवरच मधोमध थांबवून पुढे नेली. गाव कंटाळलं होतं. शेवटी ठरलं, देव्हाऱ्यात राघोजीचं पुडकं आहे ते वाचायचं आणि निघेल ते दोघांनी मान्य करायचं. पुडकं वरच्या घरात. माझी राहायची सोय मात्र खालच्या घरात, कारण याच काकू, सुमनकाकू, पुळ्याला आलेल्या पर्यटकांना खोल्या देतात आणि गावात गरम पाण्याचा नळ फक्त त्यांच्याकडे आहे. म्हणजे मी पहिल्याच दिवशी शत्रूच्या गोटात उतरले होते.

वर गेले तर अण्णा मयेकर पडवीत बसलेले. पंचाहत्तरीला आलेले, जन्म बोटीवर इंजिनाच्या खोलीत गेलेला, आवाज अजून इंजिनावर मात करण्याच्या पट्टीत. पाणी विचारायच्या आधी त्यांनी मला पाय दाखवला. डाव्या पायाला सहा बोटं. चपलेचा पट्टा कापून सहाव्या बोटाला खिडकी ठेवली होती.

“राघोजीचं बोट,” ते म्हणाले. “एक पिढी सोडून आमच्या घरात एकाला येतं. माझ्या आज्याला होतं, मला हाय, मुंबईला माझ्या नातीला हाय. खालच्या घरात बघा, कोणाला हाय काय. आणि वाचायचं तर सगळं वाचायचं. अक्षर गाळायचं नाय. सगळ्यांसमोर.”

मी होय म्हटलं. मला अशी गिऱ्हाइकं आवडतात.

मंगळवार

पण पुडकं लगेच उघडायचं नव्हतं. आधी देवीचा कौल. आमच्याकडे अशा कामाला मीटिंग घेतात, चार तास बोलतात आणि पुढची तारीख ठरवतात. इथे पाषाणाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना भिजवलेल्या कळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि वाट बघतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबूने गाऱ्हाणं घातलं, लांबलचक, मधे मधे जमलेल्यांचं “होय महाराजा”. त्यात त्याने माझंही नाव घातलं आणि मी देशावरची असल्याबद्दल देवीची थोडी माफी मागितली.

डावी पडली.

अण्णा म्हणाले, “कळी जड होती.” काकू देवळाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या. त्यांनी हवेत बघून म्हटलं, “बाबू, त्यांना सांग, कळी देवळातलीच होती. घरून नव्हती आणली कोणी.” बाबूने चार पावलं जाऊन ते सांगितलं. अण्णांनी बाबूला सांगितलं, “तिकडं सांग, मी काय बोललोय काय?” बाबू चार पावलं परत आला. दोन वर्षं हे असंच चाललं होतं, आणि बाबूची प्रकृती त्यामुळे उत्तम होती.

ठरलं की उद्या पुन्हा विचारायचं. मी पाहून ठेवलं की मूर्तीच्या डाव्या अंगाला गाभाऱ्याच्या झरोक्यातून ऊन येतं आणि कळी लवकर वाळते. बोलले नाही. मी पाहुणी होते, आणि बाबूलाही डोळे होते.

दुपारी काकूंकडे जेवायला कुळथाची पिठी, भात आणि ओल्या काजूगरांची उसळ. ही उसळ खाल्ल्यावर कोल्हापूरच्या माणसाला आपण इतकी वर्षं तांबड्या रश्श्याखाली काय काय बुडवून टाकलं याची थोडी लाज वाटते. मी म्हटलं, उद्याचे काजू मी सोलते.

“हाताला तेल लावा आधी,” काकू म्हणाल्या. “चीक वाईट असतो.”

मी म्हटलं, मी आयुष्यभर भाज्या चिरल्यात. तेल लावलं नाही. संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं जळल्यासारखी काळी पडली आणि कातडी सुटू लागली. काकूंनी खोबरेल चोपडलं आणि ‘सांगितलं होतं’ हे दोन शब्द गिळले. ते न बोलणं त्यांना जड जात होतं, हे दिसत होतं.

बुधवार

सकाळी लवकर, ऊन यायच्या आत, कौल लागला. उजवी पडली. बाबू माझ्याकडे बघत नव्हता.

पुडकं अण्णांच्या पडवीत उघडलं. लाल फडक्यात गुंडाळलेलं, आणि दीडशेच्या वर दसऱ्यांची हळद, कुंकू, नारळाचं पाणी त्याने प्यायलेलं. या घराने ते इतक्या मनापासून पुजलं होतं की वाचायला फारसं उरलंच नसतं. वरचे चार कागद एकमेकांना चिकटून पापडासारखे झाले होते. ते सोडून दिले. आतले अकरा बरे निघाले. माझी बोटं सोललेली, म्हणून सुती हातमोजे घातले. अण्णांना ते फार आवडले. त्यांना वाटलं, राघोजीच्या मानासाठी घातलेत.

छावणीतून आलेली पत्रं आठ, खाली ‘राघोजी’. लढाई त्यात जवळजवळ नाही. पाऊस आहे, जळवा आहेत, तांदळात खडे आहेत, हवालदार कसा नतद्रष्ट आहे ते आहे. घरून कोकमाची सोलं आणि सुकट पाठवा असा तगादा आहे. एकदाच लिहिलंय की सकाळी झाडीतून गोळ्या आल्या, शेजारचा पडला, मग दुपारी भात मिळाला नाही. शिपायांची पत्रं अशीच असतात. शौर्य नंतर नातवंडं घालतात.

शिवाय एक चेहरेपट्टी, म्हणजे भरतीच्या वेळचं शिपायाचं वर्णन. नाव राघोजी, उंची मध्यम, तोंडावर देवीचे व्रण, डाव्या पायास सहा बोटे. मी ते मोठ्याने म्हणताच अण्णांनी पाय पुढे काढून ठेवला आणि पडवीतून खालच्या घराच्या दिशेने बघितलं. खालच्या अंगणात काकू मिरच्या वाळत घालत होत्या. पाठ ताठ झाली, पण वळल्या नाहीत.

मी फोटो काढत गेले. दहावा कागद रजेचा. अकरावं पत्र छावणीतून नव्हतं, घरून छावणीत गेलेलं होतं. ते मी उभ्या उभ्या वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीला खाली बसले.

“काय झालं?” अण्णा म्हणाले.

“काही नाही. उद्या सगळ्यांसमोर.”

रात्री मी काकूंनाही काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. फक्त पानात बांगड्याचा मधला तुकडा दोनदा वाढला. लाच असेल तर फार चवदार होती.

गुरुवार

वरच्या अंगणात गाव जमलं. काकूंनी वरच्या घराच्या पडवीत पाय ठेवणार नाही असं दोन वर्षांपूर्वी जाहीर केलं होतं, म्हणून त्या आपली खुर्ची घरून घेऊन आल्या आणि अंगणात उन्हात बसल्या. अण्णा पडवीत, नवा सदरा घालून.

आधीचे दहा कागद ऐकताना लोक खूश होते. नतद्रष्ट हवालदाराला चांगली दाद मिळाली. मग मी म्हटलं, “अण्णा, अकरावं वाचू ना?”

“अक्षर गाळायचं नाय म्हटलंय ना मी.”

मी वाचलं. पत्र राघोजीचं, विठोजीला. लिहिलं होतं, की तुझ्या व माझ्या दोन्ही खाचरांत लावणी झाली, काळजी करू नये. भात कापून होताच मी येतो, मग तू घरी यावे. तोवर माझे नाव सांभाळून असावे. हजेरीस हाक आली की लगेच ओ द्यावी, मागे चुकलास तसे करू नये. आणि पायातील जोडा कोणापुढेही काढू नये. निजताना काढू नये, स्नान करताना काढू नये. बोटे मोजणारा एखादा भेटला तर आपण दोघे बुडालो.

असं पत्र वाचून जाळायचं असतं. विठोजीने ते जपून घरी आणलं होतं, आणि राघोजीच्या नावच्या बाकी कागदांत ते जाऊन बसलं होतं.

लोकांना समजायला थोडा वेळ लागला, म्हणून मी सरळ सांगितलं. नोकरी एक, नाव एक, भाऊ दोन. भरती झाला राघोजी. पेरणी-लावणीच्या दिवसांत राघोजी घरी यायचा आणि त्याच्या नावावर विठोजी जाऊन उभा राहायचा. चिखलाची कामं राघोजीच्या हातची बरी होत असावीत. ही अदलाबदल बरीच वर्षं चालली असेल. बंड झालं ते नेमकं विठोजीच्या पाळीत. लढाईवर गेला तो विठोजी, पाच बोटांचा, जोडा न काढणारा. जंगलात, पावसात, महिनोन्‌महिने.

“म्हणून पाय सडले,” काकू हळूच म्हणाल्या.

“परत वाचा,” अण्णा म्हणाले. मी परत वाचलं. “चेहरेपट्टीत डावाच पाय?”

“डावाच.”

चारपाच जणांनी अण्णांच्या पायाकडे पाहिलं. उरलेल्यांनी मुद्दाम पाहिलं नाही, ते जास्त वाईट होतं. ज्या बोटाला चपलेत खिडकी ठेवली होती, ते बोट आता एवढंच सांगत होतं की यांचा पूर्वज त्या दिवशी घरी भात लावत होता. अण्णांनी पाय ओढून खुर्चीखाली घेतला. इंजिनाच्या पट्टीतला तो आवाज कुठे गेला कोण जाणे.

बाबूने घसा साफ केला. “मग ठरल्याप्रमाणे पालखी औंदा खालच्या—”

“थांब रे बाबू,” काकू म्हणाल्या.

मला वाटलं होतं त्या हसतील. दोन वर्षं त्या याच क्षणाची वाट पाहत होत्या, आणि मी त्यांच्या जागी असते तर निदान खुर्ची तरी सावलीत घेतली असती. त्या अण्णांकडे बघत होत्या.

“भावोजी,” त्या म्हणाल्या, दोन वर्षांत पहिल्यांदा बाबूला मधे न घालता. “त्या साली दोन्ही घरची लावणी कोणी केली?”

“ऐकलंत ना आता,” अण्णा म्हणाले.

“ऐकलं. म्हणून विचारत्ये. ती केली नसती तर आमच्या घरची माणसं काय जोडा खाऊन जगली असती?”

मागे कोणीतरी फिस्‌ करून हसलं, मग सगळेच. अण्णा हसले नाहीत. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “वहिनी, वर पडवीत या. उन्हात बसलाव.”

“उन्हात बरी हाय मी,” काकू म्हणाल्या, उठल्या, खुर्ची उचलली आणि पडवीत आल्या.

पुढचा अर्धा तास मी कुठे पाहिल्या नव्हत्या अशा वाटाघाटींचा होता. पालखी कुठे, खुर्च्या कोणाच्या, चहा कोणाचा, ढोलवाल्यांना घावणे कोण घालणार. शेवटी ठरलं, पालखी पहिली वरच्या अंगणात थांबणार, ज्याचं नाव त्याच्या घरी. पहिली ओटी काकू भरणार, ज्याचे पाय त्याच्या घरची. बाबूने हे देवीला विचारावं का म्हटलं, तर दोघंही त्याच्यावर ओरडली.

मग दोघं माझ्याकडे वळली. दोन वर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं एका सुरात बोलू लागली होती, आणि विषय मी होते.

“हे पत्र कोल्हापुरात जायचं नाय,” अण्णा म्हणाले.

“जाऊ नये,” काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, मूळ कागद तुमच्याकडेच राहतील, मला फक्त फोटो ठेवायची लेखी संमती हवी. फसवलं ते सरकारला, तेही इंग्रजांच्या, आणि ते सरकार कधीच गेलं.

“सरकार गेलं,” काकू म्हणाल्या, “गाव हाय.”

मी पुष्कळ समजावलं. शिबंदीचे कागद अनेकांकडे असतील, पण ती चालत कशी होती हे सांगणारं पत्र माझ्या हाती पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आलं होतं. ते सोडून बाकीचे दहा कागद नेणं म्हणजे माशाचे काटे नेण्यासारखं होतं. शेवटी अण्णा म्हणाले, शिमगा होऊ दे, मग बघू. इथलं ‘बघू’ मला एव्हाना कळू लागलं होतं. ते नाही नसतं. ते होयही नसतं.

आठ दिवसांनी, शिमगा

फुटक्या दिव्यानिशी पुन्हा घाट उतरले. पालखी वरच्या अंगणात नाचत आली तेव्हा अण्णा खांद्याला होते, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि पालखीला खांदा द्यायचा तर अनवाणी. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “अण्णा, लावणीला चाललाव काय?”

“होय,” अण्णा खांद्याखालून म्हणाले, “तुझ्या बापाचीपण लावून येतो.”

आवाज परत जागेवर आला होता.

काकूंनी ओटी भरली. खण दोन वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला होता. घडीवर घडी बसून तो नीट उलगडेना, तर त्यांनी तो तसाच ठेवला आणि वर नारळ. पालखी उठताच त्या पुढच्या वर्षी ती आधी खाली का यावी हे अण्णांना समजावू लागल्या, आणि अण्णा का येऊ नये हे त्यांना. मधे बाबू नव्हता. तो एका कोपऱ्यात बसून चहा पीत होता आणि त्याला काय करावं सुचत नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर मी संमतीपत्र काढलं. गावाचं नाव कुठेही येणार नाही, असं वर स्वतःच्या हाताने लिहून दिलं. खाली दोन जागा: वरच्या घराची सही, खालच्या घराची सही. अण्णांनी ते दोनदा वाचलं, पेन मागितलं आणि आपली सही केली.

“काकू कुठे आहेत?” मी विचारलं.

“ढोलवाल्यांना घावणे घालत्यायत. आणा इकडं.” आणि त्यांनी दुसऱ्या जागेवर सावकाश, जीभ बाहेर काढून, काकूंची सही केली. पाहुण्यांच्या पावत्यांवर मी ती पाहिली होती. हुबेहूब होती. अशी सही पहिल्यांदा करणाऱ्याची नसते.

मी म्हटलं, अण्णा, हे असं चालत नाही. कागद घेऊन चुलीपाशी गेले आणि काकूंना म्हटलं, यावर तुमची सही झालेली आहे, ती तुमची नाही, खाली पुन्हा करा.

काकूंनी पिठाचे हात वर धरले आणि मान वाकडी करून बघितलं. “बरी केलीय की. माझी अशी सुबक येत नाय.”

“पण तुमची संमती आहे का?”

“नसती तर त्यांनी केली असती काय?” म्हणून त्यांनी पुढचा घावणा घातला.

तो कागद आता आमच्या संग्रहात आहे, त्या अकरा फोटोंच्या मागे, बारावा. ग्रंथपालांनी नोंदवहीत काय लिहायचं म्हणून विचारलं. मी लिहायला सांगितलं: सही खोटी, संमती खरी, कुटुंब तेच.